सूर्यापुढला काजवा

भर दुपारीं दिवा लावणें हें आपल्याकडे वेडेपणाचें लक्षण मानलें जातें. सूर्यापुढें काजवा चमकला काय अन् न चमकला काय, सारखेंच, असा आपल्या भाषेचा ह्या बाबतींतला रोकडा निकाल आहे, आणि व्यवहारांत तो शंभरांत नव्याण्णव वेळां खरा ठरतो. उरलेल्या एका वेळेची हकीकत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. छायाचित्रकलेच्या इतिहासांत असा एक काळ आला कीं, माणसानें भर उन्हांत, सूर्याच्या डोळ्यांदेखत, दिवा लावला आणि तो वायां गेला नाहीं. हा दिवा कां लागला, तो लागण्यास जवळजवळ शंभर वर्षें कां थांबावें लागलें, आणि त्यानें आपल्या पदरांत काय टाकलें, हा प्रश्न वरवर पाहणारास वाटतो तितका केवळ धंद्यांतला नाहीं.

ह्या विचारास निमित्त घडलें तें असें. गेल्या वैशाखांत दीपनगरास एका स्नेह्यांच्या घरीं मुंज होती. दीपनगर म्हणजे भुसावळजवळच्या औष्णिक विद्युत्केंद्राची वसाहत; नांवाप्रमाणेंच दिव्यांचें गांव. दुपारीं जेवणाच्या पंक्ती उठल्यावर घरच्या मंडळींचें एक छायाचित्र अंगणांत घ्यावयाचें ठरलें. छायाचित्रकार तरुण होता. त्यानें आपल्या सोबतच्या मुलाच्या हातीं एका काठीच्या टोंकाला बसविलेला फ्लॅश दिला, आणि त्याला आपल्यापासून आठ-दहा हात दूर, एका अंगाला, उभें केलें. ऊन असें कीं डोळा उघडवत नव्हता. तें पाहून घरांतल्या वृद्ध आजीबाई म्हणाल्या, "भर दुपारी दिवा कशाले लावतो रे भाऊ?" सगळे हंसले. तो तरुणहि हंसला आणि म्हणाला, "आजी, तुमचे डोळे दिसावे म्हणून."

आजीबाईंनीं तें ऐकून घेतलें, त्या आंत गेल्या, आणि भिंतीवरची एक तसबीर काढून घेऊन आल्या. विद्युत्केंद्राची उभारणी चालली होती त्या दिवसांतलें, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांतलें, तें चित्र होतें. पंधरा-वीस माणसें उन्हांत ओळीनें उभीं होतीं. त्यांत डावीकडून तिसरे त्यांचे यजमान. टोपी दिसत होती, नाकाचा शेंडा आणि मिशी दिसत होती. टोपीच्या खालीं, जेथें डोळे असावयाचे, तेथें काळा पट्टा होता. यजमानांचें एवढें एकच चित्र घरांत उरलेलें. आजीबाईंनीं विचारलें, "यांचे डोळे याच्यातून निघतील का रे भाऊ?" त्या तरुणानें तसबीर पुष्कळ वेळ इकडे-तिकडे वळवून पाहिली आणि शेवटीं मान हलविली. जें त्या दिवशीं फिल्मवर उमटलेंच नाहीं, तें आज कोणत्याहि युक्तीनें निघण्यासारखें नव्हतें.

हे डोळे गेले कोठें? दीपनगर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें एकवीस अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या अलीकडे, वसलें आहे. त्यामुळें वर्षांतून दोनदां, मेच्या अखेरच्या आठवड्यांत आणि पुन्हां जुलईच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मध्यान्हींचा सूर्य येथें अगदीं माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायथ्याशींच नाहींशी होते. खांबाची सावली नाहींशी होते, पण माणसाच्या चेहऱ्यावरची होत नाहीं. उलट ती गडद होते. भुंवया, टोपीचा कांठ, फेट्याची घडी, पदराची कड ह्या सर्वांचीं लहान-लहान छपरें बनतात, आणि डोळ्यांच्या खोबणी त्या छपरांखालीं काळोखांत बुडतात. खानदेशचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो, हें सर्वांस ठाऊक आहे. तो माणसाचा चेहराहि असा हिरावून नेतो, हें चित्र हातीं येईपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ध्यानांत न येण्याचें कारण आपला डोळा होय. उजेडाकडे पाहतांना त्याची बाहुली आकुंचन पावते, सावलीकडे वळतांच ती रुंदावते, आणि अशा अनेक ओझरत्या दृष्टिक्षेपांचें मिळून एक चित्र मन आपल्यापुढें मांडतें. म्हणून समोर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे आपणांस भर दुपारींहि दिसतात. कॅमेऱ्याची नजर एकदांच पडते. उन्हाचा हिशेब धरून चित्र घेतलें तर सावली काळीठिक्कर होते. सावलीचा हिशेब धरला तर पागोटीं, सदरे आणि आकाश पांढरेंफटक होऊन त्यांतील सारे बारकावे जळून जातात. दोहोंपैकीं एकाचा बळी द्यावाच लागतो, आणि बहुधा तो चेहऱ्याचा पडत आला. सांवळ्या वर्णाच्या आणि डोक्यावर पांढरें वस्त्र बाळगणाऱ्या आपल्या लोकांस हा अन्याय विशेष जाचला. शेतांत, रस्त्यावर, गिरणीच्या आवारांत घेतलेलीं आपलीं जुनीं सामुदायिक चित्रें पाहावीं. पागोटीं स्पष्ट ओळखूं येतात, माणसें ओळखूं येत नाहींत.

सूर्य हा एकच दिवा जवळ असतांना काय होतें, ह्याचा अनुभव आपल्या ह्या भागांत फार लवकर आलेला आहे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी, त्याचप्रमाणें हरिचंद चिंतामण, हे ह्या नव्या कलेच्या आपल्याकडील पहिल्या उपासकांपैकीं होत. परंतु उजेड आणि काळोख ह्यांचा झगडा ज्याला सर्वांत बिकट रूपांत भेटला, तो मेजर रॉबर्ट गिल. मद्रासच्या लष्करांतील हा अधिकारी १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमला गेला, आणि पुढचें बहुतेक आयुष्य त्यानें त्या दरीच्या परिसरांत घालविलें. त्यानें परिश्रमानें केलेलीं बहुतेक तैलचित्रें १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत भस्म झालीं. १८७९ सालीं तो वारला. त्याची कबर भुसावळास आहे. म्हणजे दीपनगराहून अगदीं जवळ.

गिलनें कुंचल्याबरोबर कॅमेराहि हातीं घेतला होता. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह हिंदुस्थानांतील कोरीव लेण्यांविषयीं जें पुस्तक १८६४ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत गिलचीं चौऱ्याहत्तर छायाचित्रें आहेत. तो काळ ओल्या काचेचा. काचेवर कलोडियनचा लेप चढवावयाचा, ती चांदीच्या क्षारांत बुडवावयाची, आणि लेप वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन तें धुऊनहि काढावयाचें. अजिंठ्याच्या उन्हांत ही घाई कशी होत असेल, ह्याची कल्पनाच करावी. त्यांतून लेण्याची रचना अशी कीं, ओवरींत ऊन आणि गाभाऱ्यांत रात्र. दर्शनी खांबांवर उजेडाचा लोट आणि त्यांच्यामागें आठ-दहा पावलांवर काळोखाचा पडदा, हें दृश्य एका काचेवर पूर्णपणें उतरविणें त्या काळीं कोणालाहि अशक्य होतें.

अजिंठ्याच्या वाटाड्यांनीं मात्र ह्यावर एक साधा तोडगा काढला होता. लेण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वीं बाहेर उन्हांत आरसा किंवा चकचकीत पत्रा धरून ते ऊन आंत वळवीत, आणि त्या उजेडांत पाहुण्यांस भिंतीवरील चित्रें दाखवीत. ह्या साध्या युक्तींत पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे. दुसरा उजेड पाहिजे, पण तो पहिल्या उजेडाच्या जातीचा पाहिजे. तो भलत्याच दिशेनें येतां कामा नये. आणि तो कोठें पडावा हें माणसाच्या हातीं असलें पाहिजे. छायाचित्रकारांनीं पांढरें कापड, चुना दिलेली भिंत, वर्ख लावलेला पुठ्ठा अशा साधनांनीं हीच युक्ति चालविली, आणि ती आजहि टाकाऊ झालेली नाहीं. मूकपटांचा आरंभीचा काळ तर अशा उसन्या उन्हावरच निभावला. दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं लोकांपुढें आला तेव्हां सूर्य हाच चित्रपटाचा मुख्य दिवा होता. दहा वर्षांनीं बाबूराव पेंटर ह्यांनीं 'सिंहगड' ह्या मूकपटासाठीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, ही गोष्ट आपल्या चित्रपटाच्या इतिहासांत नमूद आहे.

आतां कोणी विचारील कीं, कृत्रिम उजेड जर होता, तर तो छायाचित्रकारांनीं उन्हांत आधींच कां नेला नाहीं? उजेड खरोखरच होता. पॅरिस येथें नादार ह्यानें १८६१ सालीं भूमिगत अस्थिगृहांत विजेच्या बॅटऱ्या नेऊन चित्रें घेतलीं. एका-एका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे, म्हणून माणसांच्या जागीं त्याला पुतळे उभे करावे लागले. १८६४ सालीं इंग्लंडांत डर्बीशायरमधील एका खाणींत आल्फ्रेड ब्रदर्स ह्यानें मॅग्नेशियमची तार जाळून चित्र घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं ज्योतिषी पिआझी स्मिथ ह्यानें ईजिप्तच्या महान पिरॅमिडाच्या पोटांत तोच उजेड नेला. १८८७ सालीं जर्मनींत मीटे आणि गेडिके ह्या दोघांनीं मॅग्नेशियमच्या भुकटींत इतर द्रव्यें मिसळून क्षणांत भडकणारी पूड तयार केली. खाण, तळघर, पिरॅमिड: ह्या सर्व ठिकाणांत एक गोष्ट समान आहे. तेथें सूर्य नाहीं.

ह्याचें कारण त्या दिव्याच्या शक्तींत नसून वेळेंत होतें. पूड पेटविण्याची रीत अशी होती: आधीं भिंगाचें झांकण काढावयाचें, मग पूड पेटवावयाची, मग झांकण पुन्हां बसवावयाचें. पूड नेमकी कोणत्या क्षणीं भडकेल ह्याचा भरंवसा नसल्यामुळें भिंग आधीं उघडून वाट पाहाणें भाग होतें. काळोखांत ह्यांत कांहीं बिघडत नसे. दिवा पेटेपर्यंत काचेवर कांहीं उमटावयाचेंच नाहीं. तेंच उन्हांत केलें तर दिवा पेटण्यापूर्वींच सूर्य आपलें काम आटोपून मोकळा होई, आणि काच करपून जाई. शिवाय धूर, दर्प, आणि भडक्याचें भय होतेंच. तेव्हां सूर्य आणि दिवा ह्यांच्यामध्यें वैर होतें तें बळाचें नव्हतें. एकाच क्षणीं दोघांनीं हजर राहाण्याचा मुहूर्त साधत नव्हता, एवढेंच.

तो मुहूर्त १९३० च्या सुमारास साधूं लागला. १९२९ सालीं जर्मनींत फ्लॅशबल्ब बाजारांत आला. कांचेच्या फुग्यांत धातूचा पातळ वर्ख आणि प्राणवायु कोंडलेला. विजेचा स्पर्श होतांच तो वर्ख क्षणांत जळे, धूर आंतल्या आंत राही, आणि फुगा फेंकून द्यावा लागे. एका चित्राला एक फुगा, हा खर्च थोडा नव्हता. परंतु विजेनें पेटणारी वस्तु शटरला तारेनें जोडतां येते, आणि शटर उघडण्याचा व दिवा उजळण्याचा क्षण एक करतां येतो, ही ह्यांतली खरी क्रांति होती. त्याच दशकांत अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत हॅरल्ड एजर्टन ह्यानें, सांठवलेली वीज वायूनें भरलेल्या नळींतून एकदम सोडून, सेकंदाच्या अगदीं सूक्ष्म अंशापुरता उजेड पाडणारा दिवा सिद्ध केला. तो जळून जात नसे; पुन्हां-पुन्हां उपयोगीं पडे. आजचा प्रत्येक फ्लॅश हा त्या दिव्याचाच वंशज होय.

तरीहि एक अडचण उरली, आणि ती कॅमेऱ्याच्या पोटांत होती. बहुतेक लहान कॅमेऱ्यांत फिल्मच्या अगदीं पुढें दोन पडदे असतात. पहिला सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा त्याच्यामागून येऊन ती झांकतो. वेग कमी असेल तर मध्यें एक क्षण असा येतो कीं संपूर्ण फिल्म उघडी असते, आणि दिव्यानें त्याच क्षणीं चमकावयाचें असतें. वेग फार वाढविला तर दुसरा पडदा पहिल्याच्या पाठीस लागतो आणि उघडी राहते ती केवळ एक सरकती फट. दिवा चमकला तर चित्राच्या एका पट्ट्यावरच त्याचा उजेड पडतो. म्हणून अशा कॅमेऱ्यांना दिव्याशीं मेळ राखण्यासाठीं वेगाची मर्यादा पाळावी लागे, आणि उन्हांत तर वेगच हवा असे. भिंगाच्या आंत बसविलेल्या पाकळ्यांच्या शटरला, उदाहरणार्थ म्युनिकच्या कोंपूर शटरला, ही अडचण नव्हती. पडद्यांच्या कॅमेऱ्यांची मर्यादा हळूहळू वाढत १९८४ च्या सुमारास सेकंदाच्या अडीचशेंव्या भागापर्यंत आली. वाचकांस हा तपशील रूक्ष वाटेल. परंतु अंगणांतल्या आजीबाईंचे डोळे दिसावे कीं न दिसावे, हें ह्याच तपशिलावर अवलंबून होतें.

साधनें हातीं आलीं, आतां त्यांचा हिशेब पाहूं. कारण ह्या कलेचें मर्म त्यांत आहे. सूर्य आपल्यापासून सुमारें पंधरा कोटि किलोमीटर दूर आहे. आपण अंगणाच्या ह्या टोंकाला असलों काय किंवा त्या टोंकाला असलों काय, त्याच्या उजेडांत तिळमात्र फरक पडत नाहीं. दिव्याचें तसें नाहीं. तो दोन मीटरांवरून चार मीटरांवर नेला कीं त्याचा उजेड निम्मा नव्हे, चौथाईवर येतो. उलट, शटर किती वेळ उघडें राहतें ह्याचा परिणाम सूर्याच्या उजेडावर होतो, दिव्याच्या उजेडावर होत नाहीं. कारण दिव्याची चमक शटर मिटण्याच्या कितीतरी आधींच संपलेली असते. भिंगाचें छिद्र मात्र दोघांनाहि सारखेंच लागू. ह्याचा अर्थ असा कीं, छायाचित्रकाराच्या हातीं दोन निराळ्या दोऱ्या येतात. शटरच्या दोरीनें तो ऊन कमी-अधिक करतो, अंतराच्या दोरीनें दिवा. १०० अंकाच्या संवेदनेवर खानदेशच्या कडक उन्हांत ११ च्या छिद्राला सेकंदाचा अडीचशेंवा भाग पुरतो. ज्या दिव्याचा मार्गदर्शक अंक मीटरांच्या मापानें ४० असेल, तो ह्या छिद्राला सुमारें साडेतीन मीटरांवर सूर्याची बरोबरी करतो. काजवा सूर्याची बरोबरी करतो, ती साडेतीन मीटरांच्या आंत! पण चेहरा उजळावयास तेवढें अंतर पुष्कळ झालें.

परंतु बरोबरी करणें हें ध्येयच नव्हे. येथें दिवा कॅमेऱ्यापासून दूर कां ठेवावयाचा, हा प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर देण्यास खानदेशांतल्याच एका थोर कलावंताचें नांव घेणें उचित होईल. चाळीसगांवचे केकी मूस (१९१२–१९८९) हे विलायतेंत शिक्षण घेऊन आल्यावर चाळीसगांवीं राहिले, आणि पुढें आयुष्यभर आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. त्यांचें नांव झालें तें टेबल-टॉप छायाचित्रणाबद्दल. मेजावर लहान-लहान वस्तूंचा देखावा मांडावयाचा आणि दिव्यांच्या योगानें त्यावर खऱ्या जगाचा आभास उत्पन्न करावयाचा, असा हा प्रकार. ज्याला मेजावर सकाळ उभी करावयाची आहे, त्याला सकाळचा उजेड कोणत्या अंगानें येतो, तो किती तिरपा असतो, सावली किती लांब आणि किती मऊ पडते, हें सारें आधीं मनांत ठरवावें लागतें. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बांधून ठेवला तर मेजावरची टेकडी टेकडी दिसत नाहीं, पुठ्ठा दिसते. कारण समोरून आलेला उजेड सगळे उंचवटे पुसून टाकतो. आकार सावलीनें कळतो, आणि सावली बाजूच्या उजेडानें पडते.

जें मेजावरच्या टेकडीचें, तेंच माणसाच्या नाका-डोळ्यांचें. कॅमेऱ्याला चिकटलेल्या फ्लॅशनें चेहरा उजळतो खरा, पण तो परातीसारखा सपाट होतो. म्हणून तो मुलगा काठी घेऊन आठ-दहा हात दूर उभा होता. सूर्य ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध अंगानें, डोळ्यांच्या किंचित् वरून, आणि सूर्याच्या निम्म्या किंवा चौथाई जोरानें दिवा आला, तर सावली राहते पण तिच्यांतला काळोख जातो. चेहऱ्याची ठेवण शाबूत राहते, आणि बुबुळांत एक लहानसा ठिपका चमकतो. तो ठिपका नसेल तर डोळा उघडा असूनहि निर्जीव दिसतो. दिवा पांढऱ्या छत्रीवर किंवा कापडावर आपटून घेतला तर तो आणखी मऊ होतो. उजेड कापडावर घेऊन मऊ करण्याचें तत्त्व आपल्या देशांत सुब्रत मित्र ह्यांनीं 'अपराजितो' ह्या १९५६ सालच्या बंगाली चित्रपटांत इतक्या कौशल्यानें वापरलें कीं, चित्रगृहांत रचलेलें काशीचें घर खऱ्या आकाशाखालीं असल्याचा भास होतो. उजेडाच्या रंगाचीहि गोष्ट अशीच. मध्यान्हींचें ऊन पांढरें असतें, मावळतीचें तांबूस. रंगीत फिल्म आल्यावर फ्लॅशबल्बाचा पिंवळेपणा खटकूं लागला, तेव्हां त्याला निळा लेप देऊन दिवसाच्या रंगाशीं जुळविण्यांत आलें. संध्याकाळीं त्याच दिव्यावर केशरी कागद चढवावा लागतो. जळगांवच्या केळीच्या बागेंत माणूस उभा केला तर पानांतून गाळून आलेल्या उजेडानें त्याचा चेहरा हिरवट पडतो. तेथें बाजूनें आलेला थोडा पांढरा उजेड त्याला त्याचा वर्ण परत देतो.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारांत घेण्यासारखा आहे. छायाचित्रानें जें होतें तें दाखवावें. जेथें दिवा नव्हता तेथें दिवा आणून तुम्हीं दाखविलेलें दृश्य खरें कसें? आमच्या मतें ह्याचें उत्तर आजीबाईंच्या तसबिरींत आहे. त्या दिवशीं दुपारीं ओळींत उभ्या असलेल्या माणसांचे डोळे काळे पट्टे नव्हते. समोर उभें राहून पाहणाऱ्या प्रत्येकाला ते डोळे दिसत होते. खोटें बोलला तो कॅमेरा. दिवा असता तर त्यानें ती चूक दुरुस्त केली असती. माणसाच्या नजरेला जें दिसत होतें, तेवढेंच चित्रांत परत आणून देणारा दिवा सत्याच्या विरुद्ध जात नाहीं. तो मर्यादा ओलांडतो तो पुढें. अलीकडे प्रबळ दिव्याच्या जोरावर ऊन मुद्दाम दाबून टाकण्याची आवड पसरली आहे: भर दुपारचें आकाश काळेंनिळें, मागचीं झाडें संध्याकाळचीं, आणि मध्यें नवरा-नवरी तेवढीं रंगभूमीवरील नटांसारखीं झळकत आहेत. ह्यांत कौशल्य आहे, नाटकाला जें स्थान असतें तें ह्यालाहि असावें; पण अशा चित्राला त्या दिवसाची आठवण म्हणतां येणार नाहीं. दिवा सूर्याच्या पंक्तीला बसला तर शोभतो, त्याच्या पाटावर बसला तर नाहीं.

हल्लीं खिशांतल्या फोनमधील छोटा कॅमेराहि क्षणार्धांत अनेक चित्रें घेऊन त्यांतील उजळ आणि काळोखे भाग एकत्र सांधतो, आणि सावलींतला चेहरा उजळून दाखवितो. हें डोळ्याच्या युक्तीचेंच यांत्रिक अनुकरण होय, आणि तें उपकारक आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु सावली उजळणें निराळें आणि उजेडाला दिशा देणें निराळें. बुबुळांतला तो ठिपका हिशेबानें निर्माण होत नाहीं. त्यासाठीं कोणीतरी दिवा घेऊन योग्य जागीं उभें राहावेंच लागतें.

आणि कोठें उभें राहूं नये, हेंहि ठाऊक असावें लागतें. अजिंठ्याच्या लेण्यांत आज फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. पंधराशें वर्षें काळोखानें सांभाळलेले रंग उजेडाच्या मारानें झिजूं नयेत, हा त्याचा हेतु. १९९० नंतर बेनॉय बहल ह्यांनीं तेथील चित्रें अतिशय मंद उजेडांत, घाई न करतां, घेऊन दाखविलीं, आणि ज्या काळोखापुढें गिलची काच हरली होती त्याच काळोखांतून अजिंठ्याचे रंग जगापुढें आले. तेथें दुसरा दिवा न लावणें हीच कला ठरली. अंगणांत दिवा लावावा, लेण्यांत लावूं नये. दोन्हीं ठिकाणीं कसोटी एकच, कीं आपल्या उजेडानें समोरच्याचें हित होतें कीं अहित.

मुंजीचीं चित्रें पंधरा दिवसांनीं छापून आलीं. आम्ही योगायोगानें त्या दिवशीं पुन्हां दीपनगरास होतों. अंगणांतल्या चित्रांत निंबाचीं पानें होतीं, दूर विद्युत्केंद्राची चिमणी होती, आकाश वैशाखांत असतें तसें फिकट निळें होतें. दिवा कोठें लागला होता, हें न सांगतां कोणालाहि कळलें नसतें. पदराच्या कडेखालीं आजीबाईंचे डोळे स्पष्ट होते, थोडे पाणावलेले, उन्हानें किंचित् मिटलेले. त्यांनीं चित्र दोन्हीं हातांत धरून पाहिलें आणि म्हणाल्या, "इतकी म्हतारी झाली का मी?" मग नातवाकडून त्यांनीं भिंतीत आणखी एक खिळा ठोकून घेतला, यजमानांच्या तसबिरीच्या शेजारीं.